प्रतिज्ञा म्हणायची ती कशासाठी?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वाशी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस वाटपाच्या आधी दहा-पंधरा मिनिटे बोला, विषय तुम्हीच ठरवा, असे चिटणीस साहेबांनी मला सांगितले. विषय शोधण्याचे श्रम मला पडले नाहीत. तो आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आला होता.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन पालक मला भेटावयास आले. पहिल्यांनी खुर्ची थोडी जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारले, "सर, परिपाठात ती प्रतिज्ञा म्हणतात, त्यातून आमच्या मुलाला सूट मिळेल का? अल्लाहशिवाय दुसऱ्या कशाला निष्ठा वाहायची नाही, असं एकाने आम्हाला सांगितलंय." दुसरे आले ते शनिवारी, सकाळची शाळा सुटताना. त्यांचा आवाज मोठा होता. ते म्हणाले, "सर, आमच्या पोरांकडून प्रतिज्ञा जोरात म्हणून घ्या. बाहेर रस्त्यावर ऐकू गेली पाहिजे. उद्या कुणी आपल्याकडे बोट दाखवायला नको."

मी दोघांनाही चहा पाजला आणि दोघांनाही नीट उत्तर दिले नाही. ते उत्तर आज येथे देण्याचा प्रयत्न करतो. दोघेही बहुधा सभागृहात असतील. त्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

आधी ही प्रतिज्ञा आली कोठून ते पाहू, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ती घटनेतच लिहिलेली आहे असे वाटते. तसे नाही. ती १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव ह्या गृहस्थांनी तेलुगू भाषेत लिहिली. ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. म्हणजे सरकारी तिजोरीचा हिशोब पाहणारा माणूस. त्यांचा जन्म नळगोंडा जिल्ह्यातला, आणि नळगोंडा काय किंवा आपला उस्मानाबाद काय, दोन्ही जिल्हे तेव्हा निजामाच्याच हैदराबाद संस्थानात होते. १९६३ साली विशाखापट्टणमच्या एका शाळेत ही प्रतिज्ञा प्रथम म्हटली गेली. १९६४ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक बंगलोरला भरली. तिने ही प्रतिज्ञा देशभरच्या शाळांसाठी स्वीकारली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती सर्वत्र म्हणावी असे ठरले. आज बालभारतीच्या पुस्तकाचे पहिले पान उघडले की ती दिसते, मराठी पुस्तकात दिसते तशी उर्दू पुस्तकातही दिसते.

सुब्बारावांची गोष्ट इथे संपत नाही. आपले शब्द देशातली सगळी मुले रोज म्हणतात हे त्यांना स्वतःला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. नात घरी पुस्तकातून प्रतिज्ञा वाचत होती तेव्हा त्यांना ते कळले, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले आहे. पुस्तकात त्यांचे नाव छापलेले नसे. १९८८ साली ते वारले. ज्याने देशाला वचन लिहून दिले त्याचे नाव देशाला माहीत नाही, असा हा प्रकार. विद्यार्थी मित्रांनो, हे नाव वहीत लिहून ठेवा, सामान्यज्ञानाच्या परीक्षेत उपयोगी पडेल.

आणि बंगलोरच्या त्या बैठकीचे अध्यक्ष कोण होते? तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री मोहम्मद करीम छागला. आपल्या मुंबईचे, १९४७ ते १९५८ मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. छागला साहेबांची सगळीच मते आपल्या समाजाला मानवत होती असे नाही, हे मी जाणतो. तथापि पहिल्या पालकांना मला एवढेच सांगावयाचे आहे की, ही प्रतिज्ञा कोणी आपल्यावर बाहेरून आणून लादली असे समजण्याचे कारण नाही.

आता तिच्यातील आशय पाहा. देश माझा आहे, येथली माणसे माझे बांधव आहेत, येथल्या नाना परंपरांचा मला अभिमान आहे, आईवडील, गुरुजी आणि वडीलधारे ह्यांचा मी मान ठेवीन, सर्वांशी चांगले वागेन, आणि देशाशी व देशबांधवांशी एकनिष्ठ राहीन. एवढेच. तिच्यात कोणत्याही धर्माच्या देवाचे नाव नाही, कोणाची पूजा नाही, कोणाला सजदा नाही. ह्यात आपल्या दीनच्या विरुद्ध काय आहे? मी आलिम नाही, बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. म्हणून मी आमच्या मशिदीतील मौलाना साहेबांकडे गेलो आणि प्रतिज्ञेचा शब्द न् शब्द त्यांना समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, यात हरकत घेण्यासारखे काही दिसत नाही, मात्र तोंडाने अहद केला तर तो पाळला पाहिजे. कुरआन शरीफात सूरह बनी इस्राईलमध्ये दिलेल्या वचनाचा जाब विचारला जाईल अशी ताकीद आहे, त्याची आठवण त्यांनी मला करून दिली.

मौलाना साहेबांचे हे दुसरे वाक्य मला पहिल्यापेक्षा जड गेले. कारण आपण शाळेत काय करतो? परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या असे सारे असते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत संविधानाची उद्देशिका वाचली जाऊ लागली, २०२३ पासून राज्यगीतही आले. प्रत्येक गोष्ट चांगली आहे, आणि सगळ्या मिळून एकमेकींना ढकलत असतात. पहिला तास बुडू नये म्हणून घाई होते. मी एकदा घड्याळ लावून पाहिले. नीट म्हटली तर प्रतिज्ञेला पाऊण मिनिट लागते, आपण ती अर्ध्या मिनिटात आटोपतो.

एके दिवशी मी आठवीच्या मुलांना कोरा कागद दिला आणि म्हटले, प्रतिज्ञा लिहा, पाहून नाही, आठवून. सात वर्षे रोज म्हटलेली गोष्ट. निम्म्याहून अधिक वर्गाला ती पूर्ण लिहिता आली नाही. 'पाईक' ह्या शब्दाजवळ तर गाडी हमखास अडकली. कोणी 'पायीक' लिहिले, कोणी 'मालक', आणि एका चिरंजीवांनी चक्क 'पाईप' लिहिले. त्याच्या वडिलांचे नळ-फिटिंगचे दुकान आहे, त्याचा काय दोष? मी विचारले, "अरे, परंपरांचा पाईप होण्याची पात्रता म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "सर, तुम्ही कधी सांगितलंच नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. मी मराठी शिकवतो. कवितेतल्या अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देतो, कारण ते परीक्षेत येतात. प्रतिज्ञेतल्या शब्दांचा अर्थ मी दहा वर्षांत एकदाही फळ्यावर लिहिला नव्हता. आपल्या मुलांच्या घरी दख्खनी बोलतात. 'सौजन्य' म्हणजे शराफत, 'निष्ठा' म्हणजे वफादारी, 'पाईक' म्हणजे पायी चालणारा शिपाई, सेवक, इतके सांगितले असते तर पाच मिनिटे लागली असती.

दुसऱ्या पालकांकडे वळण्यापूर्वी मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी घरीसुद्धा फारशी बोललेलो नाही.

मी पाचवीत होतो. शाळा कोणती, गुरुजी कोण, ह्याला महत्त्व नाही, आणि ते गुरुजी वाईट होते असेही नाही. त्या सुमारास कोठेतरी काहीतरी घडले होते, मोठी माणसे वर्तमानपत्र वाचून गप्प होत. एके सकाळी गुरुजींनी मला रांगेतून बाहेर बोलावले आणि म्हणाले, "आज तू सांग प्रतिज्ञा. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी." मी सांगितली. एकही चूक केली नाही. गुरुजींनी टाळी वाजवली, मग सगळ्या शाळेने वाजवली. मी जागेवर परत आलो तेव्हा माझा शेजारचा मित्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत होता, आणि माझे कान तापले होते. मला काय झाले ते तेव्हा कळले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. कालपर्यंत जी प्रतिज्ञा मी सगळ्यांबरोबर म्हणत होतो, ती त्या दिवशी माझी एकट्याची जबानी म्हणून घेतली गेली होती. तीच वाक्ये, तोच हात पुढे, परंतु ती आता प्रतिज्ञा उरली नव्हती.

म्हणून जे पालक म्हणतात रस्त्यावर ऐकू गेली पाहिजे, त्यांची भीती मी समजू शकतो. ती भीती ह्या मातीत जुनी आहे. सप्टेंबर १९४८ च्या आधी रझाकारांनी येथे जे जुलूम केले आणि पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर निरपराध मुसलमानांवर जो प्रसंग गुदरला, त्या दोन्ही गोष्टी ह्या जिल्ह्याच्या मनात आहेत. पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वात अधिक झळ पोहोचली असे नोंदवले त्यांत उस्मानाबाद होता. माझे दादा, म्हणजे आजोबा, तेव्हा शाळकरी होते. आधी शाळेत निजाम सरकारच्या सलामतीचा तराना म्हणत, पुढे राष्ट्रगीत म्हणू लागले. ते सांगत, "मास्तर वोही, लाइन वोही, गाना बदल गया." ते कडवटपणे सांगत नसत, हसून सांगत. त्यांनी पुढे प्रत्येक १५ ऑगस्टला आणि १७ सप्टेंबरला झेंड्याला जाण्याचा नेम मरेपर्यंत सोडला नाही, आणि त्यासाठी त्यांना कोणी बोलवावे लागले नाही.

सक्तीचा विषय निघाला म्हणून आपल्याच मुलखातली आणखी एक हकिकत. १९३८ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्यास सुरुवात केली. विद्यापीठाने मनाई केली. मुले ऐकेनात, तेव्हा त्यांची नावे कमी करण्यात आली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही ही चळवळ झाली. घरी बसण्याची पाळी आलेल्या त्या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या चळवळीत होते. त्या गीताविषयी आपल्या समाजाचा जो जुना प्रश्न आहे तो वेगळा, तो आजचा विषय नाही. मी ही हकिकत सांगतो ती अशासाठी की, तेथे शाळा-कॉलेजातून मुले काढली गेली ती म्हटले म्हणून.

आता दुसरे टोक पाहा. केरळात कोट्टायम जिल्ह्यात बिजो इमॅन्युएल नावाचा मुलगा आणि त्याच्या दोन बहिणी एका शाळेत शिकत होत्या. ते यहोवाचे साक्षीदार ह्या ख्रिस्ती पंथाचे. राष्ट्रगीताच्या वेळी ही मुले अदबीने उभी राहत, परंतु म्हणत नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत देवाखेरीज कोणाच्या स्तुतीचे गीत म्हणणे बसत नाही. कित्येक वर्षे कोणाची तक्रार नव्हती. मग एका आमदाराच्या ते नजरेस आले, विधानसभेत प्रश्न निघाला. चौकशी झाली, मुले नेमस्त आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही असा अहवाल आला, तरीही जुलै १९८५ मध्ये तिघांना शाळेतून काढले. येथे मुले काढली गेली ती म्हटले नाही म्हणून.

वडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त ह्यांनी निकाल दिला की, राष्ट्रगीत म्हटलेच पाहिजे असा कायदा नाही, आदराने उभे राहणे हा पुरेसा आदर आहे, आणि प्रामाणिक श्रद्धेमुळे गप्प राहणाऱ्या मुलांना काढून टाकणे घटनेच्या एकोणीस व पंचवीस ह्या कलमांविरुद्ध आहे. मुलांना परत घ्यावे असा हुकूम झाला. खुद्द राष्ट्रगीताबद्दल असे असेल, तर प्रतिज्ञेबद्दल वेगळे सांगायला नको.

आपल्या महाराष्ट्रातही नाशिकचे संजय साळवे नावाचे शिक्षक शाळेच्या प्रार्थनेला हात जोडत नव्हते. त्यापायी त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो प्रश्न प्रार्थनेचा होता, त्यामुळे घटनेचे अठ्ठाविसावे कलम तेथे लागू पडले. पालकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. प्रार्थना निराळी, प्रतिज्ञा निराळी.

अमेरिकेत हा वाद आपल्या आधीच झाला. तेथील शाळांत झेंड्यापुढे म्हणायची प्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी ह्यांनी लिहिली. ती म्हणताना मुले उजवा हात लांब पुढे करीत, आपली मुले करतात तसाच. हिटलरच्या सलामीशी तो फारच जुळू लागला म्हणून ऐन महायुद्धात, डिसेंबर १९४२ मध्ये, त्यांनी तो बदलून छातीवर हात ठेवण्याची पद्धत आणली. १९४० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने झेंड्याला सलामी देण्याची सक्ती योग्य ठरवली होती. त्यानंतर ह्याच यहोवाच्या साक्षीदारांवर गावोगाव हल्ले झाले. तीन वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. लढाई चालू होती, मुलगे रणांगणावर मरत होते, आणि अशा वेळी न्यायाधीशांनी सांगितले की निष्ठा सक्तीने वदवून घेता येत नाही. मला ह्या तारखेचे फार नवल वाटते.

मग तुम्ही म्हणाल, सक्ती नको, तर प्रतिज्ञाच नको. नाबालिग मुलाची कसम आपल्या फिकहमध्ये बंधनकारक मानीत नाहीत. सरकारी कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार ग्राह्य नाही. मग ज्याला जमिनीचा व्यवहार करता येत नाही त्याच्याकडून देशाशी करार का लिहून घ्यावा? हा आक्षेप माझ्या एका सहकारी मित्राचा आहे आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही. मी त्याच्यावर बरेच दिवस विचार केला.

माझे उत्तर एका मुलाने दिले. सातवीत एक विद्यार्थी आहे, बोलताना अडखळतो. प्रश्न विचारला तर पहिल्याच अक्षराला त्याचा गळा दाटतो, मुले हसतात, तो खाली बसतो. एकदा परिपाठाला मी सहज त्याच्याशेजारी उभा होतो. प्रतिज्ञा सुरू झाली आणि हा पोरगा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही न अडखळता म्हणून गेला. अडखळणाऱ्यांना सर्वांच्या सुरात सूर मिळवून बोलणे सोपे जाते, असे मी नंतर वाचले. दिवसातून तेवढे पाऊण मिनिट तो सगळ्यांसारखा असतो. ही गोष्ट मी प्रतिज्ञा बंद करून त्याच्याकडून काढून घेऊ काय?

लहान मूल नमाजाला वडिलांशेजारी उभे राहते तेव्हा त्याच्यावर ती फर्ज झालेली नसते. इकडेतिकडे पाहत, खाली-वर होत ते शिकते. प्रतिज्ञाही मला तशी वाटते. तो करार नव्हे, सराव आहे. मात्र सरावात शिक्षा नसावी, पहारा नसावा, आणि अर्थ सांगितलेला असावा.

तेव्हा पहिल्या पालकांना माझे उत्तर असे. सूट मागू नका. मुलाला घरी बसवून प्रतिज्ञेचा अर्थ सांगा आणि तिच्यात काही खटकते का ते त्यालाच विचारा. एवढे करूनही तुमचे मन मानत नसेल, तर तुमचा मुलगा माझ्या वर्गात अदबीने उभा राहील आणि त्याच्या ओठांकडे कोणी पाहणार नाही, ही जबाबदारी माझी.

आणि दुसऱ्या पालकांना. प्रतिज्ञा रस्त्यावर ऐकू जाण्यासाठी आम्ही म्हणून घेणार नाही. भिंतीपलीकडच्या कोणाला दाखला हवा असेल तर तो मुलांच्या घशातून काढून देणे हे शाळेचे काम नाही. तुमचा मुलगा ह्या देशाचा आहे हे त्याला सिद्ध करावयाचे नाही, ते तसे आहेच. मागच्या महिन्यात तुमचाच मुलगा पारगावच्या रस्त्यावर पडलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना उठवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला आणि त्या दिवशी शाळेला उशिरा आला. उशीर का झाला हे त्याने सांगितले नाही. मी त्याला दाराबाहेर उभे केले होते. दुसऱ्या दिवशी बाईंचा मुलगा शाळेत आला तेव्हा मला समजले. त्याची माफी मी वर्गात मागितली आहे, आज तुमचीही मागतो.

बरे, आता मुलांचे थोडे काम राहिले. आठवीच्या वर्गाला मी सांगितले आहे की सोमवारी प्रत्येकाने प्रतिज्ञा आपल्या स्वतःच्या शब्दांत, घरी बोलतो त्या भाषेत, लिहून आणायची. दख्खनीत चालेल, मराठीत चालेल, शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही. त्यातल्या दोन-चार परिपाठात वाचून दाखवू. पालकांना एकच विनंती की लिहिताना त्यांनी मदत करू नये. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी मंगळवारी सकाळी अवश्य यावे. साडेदहाला घंटा होते, मागे बाके ठेवलेली असतील.

 बक्षिसांची वाट पाहणाऱ्या मुलांची माफी मागून मी खाली बसतो. खुदा हाफिज. जय हिंद.